हिरवा ठिपका आणि माझं अक्षर

अमरावतीत पहिलं थाई हॉटेल निघालं तेव्हा त्याची फीत माझ्या वडिलांनी कापली होती. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातला, आठ एकर काळ्या जमिनीचा धनी, उभ्या आयुष्यात हॉटेलात चहाशिवाय काही न घेतलेला माणूस, आणि त्याच्या हातात थाई हॉटेलची कात्री. सुरुवातीला मीही हे हसूनच सांगायची. त्यापुढचं मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या गावात बारावी झालेली मी पहिली मुलगी. पुढे शिकायला अमरावतीला यायचं तर राहायचं कुठे, हा प्रश्न होता. एका शिक्षणसंस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं. जागा भरल्या होत्या. बाबा आणि मी संस्थेच्या अध्यक्षांच्या कचेरीबाहेर सकाळपासून बसून होतो. दुपारी साहेब जेवायला निघाले, त्यांनी बाबांना विचारलं, कुठून आलात. बाबांनी सांगितलं. साहेबांनी उभ्या उभ्याच माझा अर्ज गाडीच्या टपावर ठेवला आणि त्यावर लिहिलं, ‘हिला ठेवून घ्या.’ त्या तीन शब्दांवर मी पाच वर्षं त्या वसतिगृहात राहिले, बी. ए. झाले, इंग्रजी घेऊन एम. ए. झाले. त्यानंतर त्याच संस्थेच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागले. साहेबांबद्दल मी इथे जे काही लिहीन ते वाचताना हे तीन शब्द कुणी विसरू नयेत. मी विसरलेले नाही.

तासिका तत्त्वावर मी सहा वर्षं शिकवलं. दर जूनमध्ये नवा अर्ज, दर एप्रिलमध्ये काम बंद. मग एका वर्षी इंग्रजीची एक कायम जागा भरायचं ठरलं. आम्ही तिघं उमेदवार होतो आणि निवड समितीवर साहेब होते. मुलाखती पावसाळा संपल्यावर होणार होत्या. त्या जागेवर माझं सगळं अडलं होतं. घरी लग्नाचं बोलणं निघालं की मी म्हणायची, ऑर्डर येऊ द्या. आईला जरीची साडी घ्यायची म्हटलं तरी मी मनात म्हणायची, ऑर्डर येऊ दे.

आता बाबांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाबा उपदेशी. मी चौथीत असताना त्यांनी रिद्धपूरला जाऊन महानुभाव पंथाचा उपदेश घेतला. त्याआधी ते खाणारे होते. मूर्तिजापूरच्या बाजारातून वाळलेले झिंगे, म्हणजे सुकट, आणायचे आणि स्वतः तव्यावर भाजायचे. वास चार घरं ओलांडून जायचा. शेजारचे चाचा भिंतीपलीकडून ओरडायचे, ‘आज तुमच्याइथं भाकर जास्त लागन!’ झिंग्यांसाठी एक पत्र्याचा डबा होता. बाबा उपदेश घेऊन आले त्या दिवशी आईने तो डबा राखेने घासला, चिंचेने घासला, चार दिवस उन्हात ठेवला. झाकण उघडलं की तरीही वास यायचाच. बाबांनी तो शेवटी गोठ्यात नेऊन खिळे ठेवायला घेतला. त्यानंतर मांस, मासळी, दारू काही नाही. दुसऱ्या देवांचा प्रसादसुद्धा नाही. गावात भंडारा असला की लोक चिडवायचे, आता तुमी आमच्या पंगतीतून उठले म्हणून. बाबा हसायचे आणि घरी येऊन भाकर खायचे. त्यांनी कुणाला नावं ठेवली नाहीत. घरात मात्र आमचंही सगळ्यांचं ते सुटलं. मी झिंगे शेवटचे खाल्ले ते चौथीत.

साहेबांचा मुलगा बाहेर शिकून आला होता. मुंबईत मोठ्या हॉटेलांत त्याने काम केलं होतं, बँकॉकलाही तो काही महिने राहिला होता. अमरावतीत लोक पंजाबी आणि चायनीज खाऊन कंटाळले आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. बडनेरा रस्त्यावर त्याने जागा घेतली. काचेचा दर्शनी भाग, आत बांबू, एक लहानसं कारंजं, भिंतीवर सोनेरी रंगाची हत्तीची चित्रं. ती वर्षं आमच्या भागातली कशी होती ते सगळ्यांना माहीत आहे. वर्तमानपत्रात रोज आमच्या तालुक्यांची नावं येत. ज्या रस्त्याने दिल्ली-मुंबईच्या पाहणी पथकांच्या गाड्या खेड्यांकडे जात, त्याच रस्त्यावर हे हॉटेल उभं राहत होतं. यात कुणाला काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही. मला आनंद झाला होता, कारण साहेबांच्या घरचं कार्य होतं आणि त्यात मला काम मिळालं होतं.

काम असं की माझं अक्षर चांगलं आहे. वसतिगृहातल्या सगळ्या पाट्या मीच लिहायची. ‘नळ बंद करा’पासून ‘सुस्वागतम’पर्यंत. हे अक्षर मी मुद्दाम कमावलं होतं, आणि तेही बाबांसाठी. बाबा तिसरी शिकलेले. वसतिगृहात आल्यावर मी दर पंधरा दिवसांनी घरी पत्र लिहायची. बाबांना ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागू नये म्हणून एकेक अक्षर सुटं, मोठं, काना-वेलांट्या स्पष्ट. बाबा बोट ठेवून वाचायचे. आई सांगायची, एक पत्र त्यांना तीन दिवस पुरतं.

तर साहेबांच्या मुलाला छापील मेन्यूशिवाय हाताने लिहिलेल्या मराठी पाट्याही हव्या होत्या. उद्घाटनाच्या दिवशी पदार्थ टेबलावर मांडून ठेवायचे आणि प्रत्येकापुढे एक उभी पाटी. पदार्थाचं नाव, त्यात काय आहे ते एका ओळीत, आणि शाकाहारी असेल तर हिरवा ठिपका. मी दुपारचे तास संपवून सायकलने जायची. तो इंग्रजीत सांगायचा, मी मराठी करायची. नारळाच्या दुधातली हिरवी करी. कच्च्या पपईची कोशिंबीर. तुळशीच्या पानांचा भात. सोयाबीनचं पनीर, त्याला तो टोफू म्हणायचा. गवती चहाची काडी घातलेलं सार. मला गंमत वाटायची. नारळ सोडला तर हे सगळं आमच्या शेतात, बांधावर होतं आणि आम्ही ते असं कधी खाल्लं नव्हतं.

पपईच्या कोशिंबिरीत काय काय असतं ते नीट लिहावं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. आचारी मळलेल्या कणकेसारखी घट्ट, लाल-तपकिरी चटणी डब्यातून काढत होता. शेजारी एका उंच बाटलीत पातळ तपकिरी पाणी होतं. मी डबा हातात घेतला आणि लेबल वाचलं. त्यावर झिंग्यांसाठीचा इंग्रजी शब्द होता, तो मला येत होता. बाटलीवरचा शब्द येत नव्हता. तो मी वहीत लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात शब्दकोश काढला. एक प्रकारचा लहान समुद्री मासा, असा अर्थ होता. मी आयुष्यात शब्दकोश अनेकदा उघडला, पण तो मिटून ठेवताना असं कधी वाटलं नव्हतं.

साहेबांच्या मुलाला मी विचारलं. तो चिडला नाही, मला नीट समजावून सांगितलं. बाटलीतलं पाणी सगळ्यातच लागतं, तेच त्यांचं मीठ आहे. चटणीही डब्यातच तयार येते, ती वेगळी कशी करणार. ते काढलं तर मग उरतं काय, नारळाची भाजी. पुण्या-मुंबईतही कितीतरी ठिकाणी असंच चालतं आणि लोक आवडीने खातात. मी म्हटलं, पण मग हिरवा ठिपका कसा द्यायचा?

‘मॅडम, त्यात मासा दिसतो का कुठे? तुकडा आहे का एक तरी?’

मी म्हटलं, दिसत नाही.

‘मग झालं तर. आणि हे बघा, इथे कुणाला कळणार आहे?’

कुणाला कळणार आहे, या प्रश्नाचं उत्तर मला त्या वेळी यायला हवं होतं. माझ्या डोळ्यांपुढे खाणारे म्हणून शहरातले डॉक्टर होते, व्यापारी होते, नव्या वस्तीतल्या बायका होत्या. त्यातले किती जण कांदालसूणसुद्धा खात नाहीत हे मला ठाऊक होतं. पण ते माझे कुणी नव्हते. आणि मुलाखतीला पाच आठवडे उरले होते. मी बारा पाट्या लिहिल्या. सात पाट्यांवर हिरवा ठिपका काढला आणि त्याखाली, साहेबांच्या मुलाने सांगितलं होतं म्हणून, ‘शुद्ध शाकाहारी’ असं लिहिलं. ‘शुद्ध’मधला जोडाक्षराचा भाग मला नेहमीच छान जमायचा.

उद्घाटनाच्या चार दिवस आधी साहेबांनी मला कचेरीत बोलावलं. ते आनंदात होते. म्हणाले, उद्घाटनाला एखादा मंत्री किंवा नट बोलावणं आता फार जुनं झालं. त्यांना एक वेगळी कल्पना सुचली आहे. आपल्या भागात शेतकऱ्यांची ही अवस्था, तेव्हा आपल्या हॉटेलचं उद्घाटन एका शेतकऱ्याच्या हस्ते व्हावं. वर्तमानपत्रवालेही येतील. आणि शेतकरी म्हटल्यावर त्यांना पहिली आठवण झाली ती माझ्या वडिलांची. कचेरीबाहेर सकाळपासून बसलेले बाबा त्यांना अजून लक्षात होते. मला भरून आलं. मी खरंच सांगते, पहिल्यांदा मला भरून आलं.

मग मी म्हटलं, साहेब, बाबा बाहेर जेवत नाहीत. ते उपदेशी आहेत.

‘अगं, मग काय अडचण? सात-आठ पदार्थ तर शुद्ध शाकाहारी आहेत. तूच लिहिल्या ना पाट्या?’

मी हो म्हटलं.

बाबा सकाळच्या गाडीने आले. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला पांढरा रुमाल. आईने सोबत पुरचुंडीत भाकर आणि ठेचा बांधून दिला होता. बसस्थानकावरच मी म्हटलं, बाबा, तिथे जेवण आहे, पण तुम्ही आपली भाकरच खा, पोट बिघडलं म्हणून सांगू. बाबा म्हणाले, ‘साहेबानं बलावलं अन् आपण गाठोडं सोडून बसलो, बरं दिसन का बाई?’ त्यांनी ती पुरचुंडी माझ्याच खांद्याच्या पिशवीत ठेवली. मला तेव्हाच सांगता आलं असतं. बसस्थानक ते हॉटेल हे ऑटोचं अंतर लहान नाही. मी त्यांना वाटेत नवी दुकानं दाखवत गेले.

हॉटेलच्या दारात पहिली अडचण झाली. दाराशी गणपतीची तसबीर मांडली होती आणि बाबांच्या हाती नारळ दिला गेला. बाबांनी नारळ घेतला, थोडा वेळ हातात धरला आणि शेजारच्या माणसाकडे परत दिला. हळू आवाजात म्हणाले, ‘फीत कापतो मी. नारळ दुसऱ्या कोणाच्या हातानं फोडा. आमच्यात नाई चालत.’ कॅमेरावाला थांबला. कुणीतरी मागून म्हणालं, बुवा तर अडूनच बसले. साहेब हसत होते, पण ते हसणं मला ओळखीचं होतं. एखाद्या शिक्षकाला नोटीस देण्याआधी ते तसंच हसायचे. मी बाबांकडे पाहिलं, आणि बाबांनी माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर त्या वेळी काय होतं ते मला दिसलं नाही, पण बाबांना दिसलं असावं. साहेबांच्या मुलाने पटकन नारळ स्वतः फोडला. बाबांनी फीत कापली. टाळ्या झाल्या.

एक तरुण पत्रकार वही घेऊन बाबांजवळ आला. त्याने विचारलं, तुमच्या घरी कुणी गेलं का, आत्महत्या वगैरे. बाबा म्हणाले, ‘नाई. घरी सारे जिते हायेत.’ पत्रकाराने थोडी वाट पाहिली. मग त्याने वही मिटली आणि कारंज्याचा फोटो काढायला गेला. बाबांनी मला विचारलं, ‘काई चुकलं का मायं?’ मी म्हटलं, नाही.

मग जेवण. मुख्य टेबलावर साहेब, बाजूला बाबा, त्यांच्यापुढे मी. वाढणाऱ्याने बाबांच्या ताटात नारळाची हिरवी करी, पपईची कोशिंबीर आणि तुळशीचा भात वाढला. प्रत्येक भांड्यापुढे माझी पाटी उभी होती. बाबांनी बोट न ठेवता, ओठ हलवत ती वाचली. मी पाहत होते. त्यांनी ताट किंचित जवळ ओढलं, आणि त्यांचा हात थांबला.

वास मलाही येत होता. लिंबाच्या पानांखाली, नारळाखाली, तुळशीखाली दबलेला, पण तोच. गोठ्यातल्या त्या पत्र्याच्या डब्याचं झाकण कुणी बोटभर उघडावं तसा. मी स्वतःला सांगितलं, मला माहीत आहे म्हणून मला येतो. वीस वर्षांत बाबा तो विसरले असतील. वाढणारा माझ्याकडे आला तेव्हा मी म्हटलं, मला पोटाचा त्रास आहे, साधा भात द्या. त्याने साधा पांढरा भात वाढला.

साहेब बाबांना म्हणाले, घ्या ना, तिखट नाही.

बाबांनी पहिला घास घेतला. मग दुसरा. ते शेतात खातात तसे खाली मान घालून, एकसारख्या वेगाने जेवले. मध्ये एकदा गवती चहाची काडी बाजूला काढून ठेवली आणि म्हणाले, ‘हे तं आपल्या आंगणातलं हाय.’ टेबलावरचे सगळे हसले. साहेब मोठ्याने म्हणाले, बघा, थाईलंड आणि वऱ्हाड एकच आहे. बाबांनी ताटात काही टाकलं नाही. कोशिंबिरीचं पाणीसुद्धा भाताला लावून पुसून खाल्लं, कारण ताटात टाकायचं नाही हीही त्यांची शिस्त. साहेबांनी विचारलं, कसं झालं. बाबा म्हणाले, ‘चांगलं हाय.’ ताट वाढल्यापासून पुसून होईपर्यंत माझ्याजवळ भरपूर वेळ होता. एवढ्या वेळात तोंड उघडून एक वाक्य बोलणं अशक्य नव्हतं. माझ्यासमोर साहेब बसले होते. मी भात खात होते.

बसस्थानकावर बाबा नळाशी गेले आणि चुळा भरत राहिले. मागे रांग लागली तरी भरत राहिले. गाडी लागल्यावर खिडकीत बसून मला म्हणाले, ‘तुयं अक्षर अजून तसंच हाय, बाई.’ मला ते कौतुक वाटलं. गाडी गेल्यावर पिशवीत हात घातला तर भाकरीची पुरचुंडी तशीच होती. मी ती बसस्थानक झाडणाऱ्या बाईला दिली.

मुलाखत झाली. साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला, वडील कसे आहेत. ऑर्डर महिन्याभरात आली. मी पात्र होते, हे मी आजही म्हणते. तिघांत माझे गुण सर्वांत जास्त होते. पण ते मला सिद्ध करून दाखवता येत नाही, कारण त्या ऑर्डरकडे पाहिलं की मला गुण आठवत नाहीत.

तुरीच्या शेंगा भरल्या तेव्हा मी पेढे घेऊन घरी गेले. आई चुलीपुढे होती. तिने दोन भांड्यांत वरण केलं होतं. एक आमचं, एक बिनमिठाचं. मी विचारलं तर म्हणाली, तुया बाबानं मीठ सोडलं. काहून ते सांगत नाई. एक दिवस एकलेच रिद्धपूरले गेले, दुसऱ्या दिवशी आले, तवापासून अळणी खाऊन राहिले. मी म्हटलं, किती दिवस? आई म्हणाली, वर्सभर म्हणे.

माझ्या हातात पेढ्यांचा पुडा होता. तो मी फळीवर ठेवला आणि शेतात गेले.

बाबा कपाशीच्या ओळीत होते. वेचणी चालली होती. मला पाहून बांधावर आले, पाणी प्यायले. मी ऑर्डरचं सांगितलं. ते खूश झाले, अगदी मनापासून. कागद दाखव म्हणाले. मी कागद आणला नव्हता. मग मी विचारलं, मीठ काहून सोडलं?

‘खाण्यात चूक झाली होती. महंताले सांगतलं. त्याईनं हे प्रायश्चित्त देल्लं.’

‘कुठे झाली ते सांगितलं का?’

‘कुठं झाली त्याचं त्याईले काय करा लागते?’

बाबांनी रुमालाने तोंड पुसलं. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. उलट तो चढलेला मला हवा होता.

‘वास मले ताट वाढल्याबरोबर आला. झिंग्याचा वास का विसरते माणूस?’

‘मग खाल्लं काहून, बाबा?’

‘पाटी तुयी होती. तुय्या अक्षरात लिहेल होतं, शुद्ध शाकाहारी. मी मनात म्हटलं, पोरीले फसवलं त्याईनं. आता एवढ्या लोकाईत मी ताट सारलं तं तिचं अक्षर खोटं पडन. नारळाच्या टायमाले तुयं तोंड पाह्यलं होतं मी.’ मग समोरच्या ओळीतल्या एका बोंडाकडे पाहत म्हणाले, ‘खाल्ल्यावर पाह्यलं, तं तू नुसता भात खाऊन राहिली होती.’

एवढंच. बाबा उठले आणि ओळीत गेले. त्यांनी मला विचारलं नाही की तुला माहीत होतं का. मीही सांगितलं नाही की माहीत होतं. सांगायला माझ्याजवळ साहेबांचे तीन शब्द होते, सहा वर्षांची तासिका होती, मुलाखत होती. पण ती सगळी कारणं बाबांना माझ्याआधीच ठाऊक होती, आणि ती ठाऊक असूनच ते ते ताट जेवले होते.

त्यांनी वर्षभर मीठ खाल्लं नाही. मी त्या वर्षात घरी गेले की त्यांच्यासोबत अळणी जेवायला बसायची. दोनदा बसले. तिसऱ्यांदा बाबांनी आईला सांगितलं, हिले मिठाचं वाढ, नोकरीचं माणूस हाय. त्यांनी हे चांगल्या मनाने म्हटलं असेल. मला ते तसं ऐकू आलं नाही.

हॉटेल दीड वर्षात बंद पडलं. लोकांना करी गोड वाटली. तिथे आता लग्नाच्या कपड्यांचं दुकान आहे. बंद करताना साहेबांच्या मुलाने मला माझ्या पाट्या परत पाठवल्या, आठवण म्हणून, एका मोठ्या पाकिटात, सोबत आभाराची चिठ्ठी. सातही पाट्यांवरचा हिरवा रंग अजून ताजा होता. साहेबांना मी आजही वाकून नमस्कार करते. त्यांनी मला ठेवून घेतलं नसतं तर मी आज हे लिहूही शकले नसते. त्यांच्यावर राग धरता आला असता तर मला फार सोपं गेलं असतं. मला कुणीही खोटं लिहायला जबरदस्ती केली नव्हती. मी नुसतं विचारलं आणि मिळालेल्या उत्तरावर समाधान मानलं. बाबांनी मला शिकवलं ते कशासाठी, याचा मी फार विचार करत नाही. लेबल वाचता यावं एवढ्यासाठी तरी नक्कीच शिकवलं असणार. ते वाचता आलंही होतं.

लग्नानंतर मी अकोल्याला राहायला आले आणि नोकरीसाठी बडनेऱ्यापर्यंत रोज रेल्वेने जाऊ लागले. काही वर्षांनी बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला आले आणि पंधरा दिवस माझ्या घरी राहिले. मी त्यांच्यासाठी वेगळी भांडी काढली, नवा तवा आणला. पहिल्या दिवशी ताट वाढलं. एका डोळ्यावर पट्टी होती. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, आणि तोंडात घालण्याआधी नाकाजवळ क्षणभर थांबवला. मी स्वतःची समजूत घातली की डोळ्याला दिसत नाही, म्हणून माणूस असं करतो.

सातव्या दिवशी पट्टी निघाली. त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे आकडेसुद्धा दिसू लागले, ते त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. मग मी ताट वाढलं. मेथीची भाजी होती, वरण होतं. बाबांनी पहिला घास उचलला आणि तसाच नाकाजवळ थांबवला. मग खाल्ला आणि म्हणाले, ‘चांगलं हाय.’